निहाली : भाषात्याग आणि संमती
बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही. तिच्यातील विपुल उसनवारी पाहता ती मुळात सांकेतिक बोली असावी काय, असा प्रश्न कायपर यांनी १९६२ मध्ये उपस्थित केला. तिचे दोन-अडीच हजार भाषक आता मराठी-हिंदीकडे वळत आहेत. हा त्याग ऐच्छिक म्हणावा काय? निहाल पिढ्यान्‌पिढ्या बहुभाषिकच होते. कोरकू, मराठी आत्मसात करूनही त्यांनी निहाली राखली. तेव्हा ऱ्हासाचे कारण दुसरी भाषा शिकणे हे नव्हे; शाळा-कचेरीने पहिलीला नाकारलेले स्थान हे होय. मुलांशी मराठी बोलणाऱ्या मातेस दोष देणे म्हणूनच अन्याय्य ठरते. विश्रांतवाडीनजीकच्या डेक्कन कॉलेजात निहालीचे दस्तऐवजीकरण झाले आहे. परंतु नोंद म्हणजे संभाषण नव्हे. उरलेले उत्तरदायित्व मराठी समाजाचे आहे.