फॅमिली आहे का?

आखातात राहत असाल तर भारतातून येणाऱ्या पाहुण्यांनी तुम्हालाही हा प्रश्न विचारला असेल: "तिकडे बघण्यासारखं असं काय आहे?" आम्ही दोघं दोह्याला आलो तेव्हा हा प्रश्न आम्हीच एकमेकांना विचारत होतो. मग बायकोने एक नियम काढला. दर शुक्रवारी बाहेर पडायचं आणि काहीतरी विचित्र बघूनच परत यायचं. भव्य नको, प्रसिद्ध नको, विचित्रच पाहिजे. त्यासाठी एक दोनशे पानी वही आणली.

वही भराभर भरत गेली. झेक्रीतजवळच्या ओसाड वाळवंटात रिचर्ड सेरा या शिल्पकाराने २०१४ साली पोलादाच्या चार प्रचंड पट्ट्या उभ्या केल्या आहेत. एक किलोमीटरहून जास्त लांबीत, चारचार मजली इमारतीहून उंच. जमीन वरखाली आहे, पण चारींची डोकी एका पातळीत. तिथे पोचायला नीट रस्ता नाही. आम्ही पोचलो तेव्हा पहिल्या पट्टीच्या सावलीत एक उंट बसला होता, आणि त्या कलाकृतीचा त्याच्याइतका समजूतदार रसिक मला अजून भेटलेला नाही. मग ९७४ कंटेनर वापरून बांधलेलं स्टेडियम, ज्याचा आकडा कतारच्या टेलिफोन कोडशी जुळवलेला आहे. विमानतळावर डोक्यात दिवा खुपसून बसलेलं पिवळं अस्वल. एका मोठ्या रुग्णालयाबाहेर डेमियन हर्स्टची चौदा ब्राँझची शिल्पं, गर्भधारणेपासून जन्मापर्यंतची. ती २०१३ साली एकदा उघडली, मग झाकून ठेवली, आणि २०१८ साली पुन्हा उघडली.

पण वहीतलं आमचं सगळ्यात लाडकं पान म्हणजे सूक वाकिफमधलं बहिरी ससाण्यांचं रुग्णालय. रांगेत खुर्च्या, खुर्च्यांवर पांढऱ्या थोबमधले गृहस्थ, आणि प्रत्येकाच्या मनगटावर डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला एक रुग्ण. एक्स-रे आहे, शस्त्रक्रिया आहे. ससाण्याचं पीस मोडलं तर गळालेल्या पिसांच्या साठ्यातून त्याच जातीचं, त्याच जागचं पीस शोधून जुन्या देठाला जोडतात. तो पक्षी पुन्हा उडतो. ससाण्यांना स्वतःचे पासपोर्ट असतात आणि कतार एअरवेजच्या इकॉनॉमी वर्गात ते मालकाशेजारी बसून जातात.

पाहुणे आले की मी हे पान वाचून दाखवत असे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकत असे: "इथे पक्ष्याचा पासपोर्ट पक्ष्याबरोबर असतो, आणि मजुराचा मालकाच्या कपाटात!" पासपोर्ट असा ठेवून घेणं कायद्याने गुन्हा आहे आणि तरी वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे, त्यामुळे वाक्यात खोटं काही नव्हतं. सगळे हसायचे, एखादा "काय बोलता!" म्हणून मान हलवायचा, आणि आम्ही श्रीखंडाकडे वळायचो. त्या हसण्यात काहीतरी गडबड आहे असं मला बरेच दिवस वाटलं नाही. ज्या गोष्टीचा राग यायला हवा तिचा आपण किस्सा केला की राग तिथेच खर्च होतो, आणि वर आपण जाणकार ठरतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

एप्रिलमधला शुक्रवार होता, संध्याकाळचे पाच. आम्ही एका मॉलमध्ये निघालो होतो. त्या काळात दोह्यात बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी 'फॅमिली डे' असायचा. दारावरचा रखवालदार एकट्या पुरुषांना अडवायचा. खरं तर सगळ्या एकट्या पुरुषांना नाही. बायको यायच्या आधीच्या चार महिन्यांत मी त्याच दारातून शुक्रवारी एकटा दोनदा आत गेलो होतो. रखवालदाराने माझ्या बुटांकडे आणि गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं होतं आणि वाट दिली होती.

त्या दिवशी त्याने विचारलं, "फॅमिली?" मी म्हटलं, "फॅमिली." आम्ही मराठीत काहीतरी बोलत होतो, ते मागच्या माणसाने ऐकलं. पस्तिशीचा असेल. शर्ट इस्त्रीचा, केस नुकतेच विंचरलेले.

"वहिनी, संगमेश्वरचा आहे मी," तो बायकोला म्हणाला. "मला एकट्याला सोडत नाहीत. दीर आहे म्हणून सांगा की. मुलीला बूट घ्यायचेत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "अहो, नियम आहे त्यांचा."

तो वाद घालायला थांबला नाही. खिशातून पाकीट काढलं, त्यातून घडी घातलेला कागद काढला. वर्तमानपत्राच्या कपट्यावर पेनाने काढलेली एका लहान पावलाची बाह्यरेषा. घरून कुणाबरोबर तरी आलेली. "मग हे धरा. तुम्हीच आणा. सहा वर्षांची आहे. चालताना लाइट लागतात ते बूट पाहिजेत तिला." ऐंशी रियाल त्याने माझ्या हातात ठेवले.

आम्ही बूट आणून दिले. ही हकीकत मी पुढे कितीतरी दिवस चांगुलपणाची म्हणून सांगितली, ससाण्याच्या पानानंतर. त्याची पहिली विनंती मात्र मी सांगताना गाळत असे.

त्या विनंतीचा विचार मी नंतर बराच केला. पहिल्यांदा तो खोटं बोलण्याचा प्रश्न वाटला. कांटने १७९७ साली एक छोटा निबंध लिहिला आहे. दारात खुनी उभा आहे, आपला मित्र घरात लपलाय का असं विचारतो आहे, तरीही खोटं बोलू नये, असं त्यात त्याचं म्हणणं आहे. आमच्या दारात खुनी नव्हता, आठ तास उभं राहून पाय दुखलेला एक नेपाळी मुलगा होता. मग मी कांटच्या बाजूने उभा राहिलो म्हणून स्वतःची पाठ थोपटावी का? नाही, कारण माझ्या मनात त्या क्षणी सत्य वगैरे काही नव्हतं. माझ्या मनात व्हिसा होता. इथे आपला मुक्काम नोकरीवर असतो, नोकरी कुणाच्या तरी मर्जीवर असते, आणि भानगड नको, एवढंच.

आणि दुसरं म्हणजे, ते खोटं ठरलं असतं का? तो "वहिनी" म्हणाला होता. आपल्या भाषेत अनोळखी बाईला वहिनी म्हटलं की म्हणणारा दीर होतोच. एसटीत, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात आपण हे नातं रोज जोडतो आणि ते निभावतोही. बसमध्ये "वहिनी, जरा सरकता का?" म्हणणाऱ्याला कुणी लग्नपत्रिका मागत नाही. त्याने नातं जोडलं होतं, आम्ही फक्त दुजोरा द्यायचा होता.

आखातात 'बॅचलर' या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत असेलच. कुटुंबाशिवाय राहणारा पुरुष, मग त्याला बायको आणि तीन मुलं का असेनात. कतारमध्ये २०१० साली झालेल्या एका कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत मजुरांची निवासस्थानं ठेवायला मनाई केली. त्याच वेळी ठरावीक पगाराखाली कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. म्हणजे आधी माणसाला कुटुंब आणू द्यायचं नाही, आणि मग कुटुंब नाही म्हणून दारात अडवायचं. मुलीच्या पावलाचा कागद पाकिटात घेऊन फिरणारा बॅचलर, आणि मूल नसलेले, दर शुक्रवारी गमती शोधत हिंडणारे आम्ही दोघं फॅमिली.

मराठीत या माणसाला वेगळा शब्द आहे. सडाफटिंग वेगळा आणि चाकरमानी वेगळा. माझे आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत बारा वर्षं राहिले. एका खोलीत पंधरावीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण एका बाईच्या खाणावळीत. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, यावरून या माणसांची संख्या लक्षात यावी. आजी आली तेव्हा "बिऱ्हाड केलं" असं म्हणायचे. पण त्या बारा वर्षांत आजोबांना कुणी सडा म्हटलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते राणीच्या बागेत जायचे. हत्ती बघायचे आणि गावाला पत्रात हत्तीबद्दल लिहायचे. बागेच्या दारात कुणी फॅमिली विचारत नव्हतं.

लगेच इकडे वाईट आणि तिकडे सोनं असं म्हणू नका. हॉटेलातल्या 'फॅमिली रूम'चे पडदे आपल्याकडचेच. पुण्यात मी विद्यार्थी असताना सात सोसायट्यांनी मला "फक्त फॅमिलीला देतो" असं सांगितलं होतं. तेव्हा मला अपमान वाटला होता, आणि तो मी साफ विसरलो.

त्या प्रसंगानंतर काही आठवड्यांनी आम्ही मशेरेबमधल्या बिन जल्मूद हाउसला गेलो. हे गुलामगिरीचं संग्रहालय आहे, २०१५ साली उघडलेलं. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ साली बंद झाली. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांत गुलामही होते आणि कर्जात बुडालेले स्वतंत्र पाणबुडेही. आजच्या काळातल्या वेठबिगारीचीही तिथे दखल घेतली आहे, ज्याची मला अपेक्षा नव्हती. बायको मोत्यांपाशी बराच वेळ थांबली. तिच्या पणजीच्या नथीत बसराई मोती आहेत, म्हणजे याच समुद्रातले, मुंबईच्या बाजारातून आलेले. लग्नात तिने तीच नथ घातली होती. बाहेर आल्यावर तिने वही काढली नाही.

मग एका शुक्रवारी आम्ही इंडस्ट्रियल एरियाजवळच्या एशियन टाउनला गेलो. मजुरांसाठी बांधलेला भाग, क्रिकेटचं मैदान, दुकानं, सिनेमा. मी सवयीने आजूबाजूला बघत होतो आणि बायको एकदम म्हणाली, "आपण इथे काय बघायला आलोय?" मला उत्तर देता येईना. मॉलच्या दारात त्याला आत यायला मनाई होती, इथे आम्हाला नव्हती. आम्ही कुठेही जाऊन कुणाकडेही बघू शकत होतो. चहा प्यायलो आणि परत आलो.

फिरणं आम्ही सोडलेलं नाही. सोडून त्या माणसाचं काय भलं होणार? सेराच्या पट्ट्या सुंदरच आहेत, आणि मोडक्या पिसाला पीस जोडणारे हात बघून अजून आनंद होतो. "नियम मी केला नाही" हे माझं वाक्यही खरंच आहे. पण नियम मी वापरला. रखवालदाराने विचारलं तेव्हा मी 'फॅमिली' हा शब्द आमच्या दोघांभोवती कुंपणासारखा ओढून घेतला आणि तिसऱ्याला बाहेर ठेवलं. तेवढं काम माझं, त्यात कतारचा कायदा नव्हता.

बुटांचं राहिलं. दुकानात लाइटवाले बूट होते, गुलाबी, चंदेरी पट्टा असलेले. मला ते भडक वाटले. आम्ही त्याच किमतीचे साधे पांढरे घेतले, जास्त टिकतील म्हणून. मग आत आलोच आहोत तर कॉफीही प्यायलो. बाहेर आलो तेव्हा तो पार्किंगच्या कठड्यापाशी उन्हात उभा होता. पाऊण तास झाला होता. त्याने खोका उघडला, एक बूट काढून उलटासुलटा पाहिला, टाच दाबून पाहिली, दिवा कुठे आहे ते शोधत असावा. "छान आहेत," म्हणाला. मग पावलाचा कागद परत मागून घेतला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.