आरसा रोज का पुसायचा?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

आधी थोडा संदर्भ. ३६ व्या श्लोकात अर्जुन विचारतो, माणसाची इच्छा नसतानाही कुणी ढकलल्यासारखा तो पाप का करतो? भगवंत म्हणतात, काम आणि क्रोध, रजोगुणातून आलेले हेच ते वैरी. मग ते कसे झाकतात याचे तीन दाखले येतात: धुराने अग्नी, मळाने आरसा, वारेने गर्भ.

हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय. पण कळला मागच्या आठवड्यात, मंगरूळपीरला घरी भिंतीत खिळा ठोकताना.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. फोटो फ्रेम करून आणला होता, पण तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटातच होता. आई प्रत्येक फोनवर विचारायची. माझं उत्तर ठरलेलं, "जुनी भिंत आहे, ड्रिल लावलं की पोपडे पडतील, बघू." खरं कारण वेगळं होतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी बाबांनी दोन एकर वावर विकलं आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवत राहिले. मला ते फार लागायचं. शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्या चेहऱ्यासमोरून रोज जायची माझी तयारी नव्हती.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा मात्र सुटका नव्हती. बैठकीत शेगावच्या गजानन महाराजांची आणि आमच्या गावच्या बिरबलनाथ महाराजांची तसबीर आहे. आई म्हणाली, देवांच्या रांगेत नको, दक्षिणेच्या भिंतीवर लाव. भोक पाडलं, प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, मोबाइलवर लेव्हल बघून फ्रेम सरळ केली. आई खाली चटईवर बसली होती. म्हणाली, "त्या मोबाईलले काय समजते? इथं बसून पाह्य बरं."

बसलो. काचेत समोरचं उघडं दार आणि माझंच तोंड दिसत होतं. बाबा दिसेचनात.

"वरून पुढं झुकव," आई म्हणाली. जुन्या घरांत तसबिरी वरच्या बाजूने पुढे कललेल्या असतात ना, त्याचं कारण हेच. खाली बसणाऱ्याला चित्र नीट दिसतं आणि समोरचा उजेड काचेतून त्याच्या डोळ्यांत येत नाही. दोरी थोडी सैल केली, फ्रेम कलली आणि बाबा दिसले.

मला एकदम जाणवलं, इतकी वर्षं हेच चाललं होतं. बाबांकडे पाहताना मी माझा अपमानच पाहत होतो. दोन एकर विकणाऱ्या माणसाच्या पोटात काय तुटलं असेल, हे दिसायला मला थोडं झुकावं लागलं असतं.

मग आईने बाबांचा दाढीचा आरसा पुसायला दिला. ओसरीवरच्या खिळ्याला तो तसाच होता, वर्षाची धूळ घेऊन. ओल्या कागदाने पुसला. आत काच जशीच्या तशी. धूळ आरशात नव्हती, आरशावर होती. भगवंतही तेच सांगतात. क्रोध तुमचं स्वरूप नाही, वरचं आवरण आहे.

आणखी एक गोष्ट. काचेमागे चांदीचा थर देऊन आरसा करायची रीत १८३५ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ लीबिगने काढली. गीतेच्या काळातला आरसा म्हणजे घासून चकचकीत केलेला धातू. तो कुणी हात न लावताही नुसत्या हवेने काळा पडतो. आईचं पूजेचं तांब्याचं ताम्हण बघा ना, चिंचेने आज घासलं तरी चार दिवसांत पुन्हा डाग. म्हणून आई म्हणत नाही की ताम्हण खराब आहे. ती पुन्हा घासते.

जाणकार या तीन दाखल्यांत पायऱ्या पाहतात. धूर फुंकरीने जातो, गर्भाला काळच लागतो आणि मधला आरसा, त्याला हात लावावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकांचं मन या मधल्या पायरीवर असतं. नुसती वाट पाहून ते स्वच्छ होत नाही. नामस्मरण, रोजचं वाचन हे ते पुसणं आहे. एकदाच करून संपणारं नाही, म्हणून तर रोज.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. परवा पुण्याला परत येताना बसमध्ये जुनी एक गोष्ट आठवली आणि पुन्हा धुसफुसलो. पण या वेळी लगेच कळलं की हा मळ आहे, बाबा नाहीत. डोळे मिटून जप सुरू केला.

आजचा संकल्प: घरातला एक आरसा स्वतःच्या हाताने पुसा. पुसता पुसता ज्याच्यावर राग धरलाय, अशा एका माणसाचं नाव घ्या. तो माणूस हयात असेल, तर आजच फोन करा. मला ती संधी उरली नाही, तुम्हाला आहे.

राम कृष्ण हरी!