सूड कोणावर उगवायचा?

पित्याचा वध झाला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले, ही कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. परीक्षिताला दंश केला तो तक्षकाने. पण यज्ञकुंडात पडू लागले ते सारे सर्पकुळ. आस्तिकाने यज्ञ थांबवला की त्या वयात बरे वाटते, एवढेच. जाणते झाल्यावर मात्र मन विचारू लागते, अपराध एकाचा आणि शिक्षा कुळाला, याला न्याय म्हणावे काय?

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या एका खेळाडूपुढे फार क्रूरपणे उभा राहिला. टॉम विल्स हे त्याचे नाव, जन्म १८३५ चा. त्याचे बालपण व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात, वडिलांच्या मेंढ्यांच्या कुरणांवर गेले. तिथल्या आदिवासी मुलांबरोबर तो खेळला, त्यांची भाषा बोलला. चौदाव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडात रग्बीच्या शाळेत गेला, आणि १८५६ अखेर परतला तो नामांकित क्रिकेटपटू होऊन. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे पत्र त्याने १० जुलै १८५८ रोजी एका वृत्तपत्रात छापून आणले. १७ मे १८५९ रोजी त्याने आणि मेलबर्नच्या सहकाऱ्यांनी दहा नियम लिहून काढले. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची ही मुहूर्तमेढ.

१८६१ साली तो वडिलांबरोबर क्वीन्सलंडात नवी वसाहत करायला गेला. १७ ऑक्टोबरला कलिन-ला-रिंगो येथील त्यांच्या तळावर गायिरी लोकांनी हल्ला केला. वडिलांसह १९ माणसे मारली गेली. टॉम सामान आणायला गेला होता, म्हणून वाचला. आधी शेजारच्या एका गोऱ्याने गायिरींवर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याचा सूड चुकीच्या तळावर उगवला गेला, असे टॉमच्या भावाने पुढे सांगितले. मग गोऱ्यांनी घेतलेल्या सुडात कितीतरी पटींनी अधिक आदिवासी मारले गेले. सर्पसत्र दोन्हीकडून पेटले होते.

आणि १८६६ साली हाच टॉम व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेटपटूंचा शिक्षक व कर्णधार झाला! २६ डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानावर हजारो प्रेक्षकांसमोर तो त्यांच्यासह उतरला.

ही क्षमा म्हणावी काय? मला वाटते, क्षमा हा शब्द येथे नेमका बसत नाही. ज्यांनी वडिलांना मारले ते दूरच्या मुलखातले, वेगळ्या जमातीचे; या खेळाडूंनी त्याचे काहीच बिघडवले नव्हते. निरपराध्याला क्षमा कसली करायची? त्याला अपराध्यापासून वेगळे ओळखायचे असते. हा गुण क्षमेहून साधा दिसतो. पण दुःखाने आंधळ्या झालेल्या माणसाला तोच सर्वांत अवघड जातो.

मात्र गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी ठरेल. पुढचा दौरा फिसकटला. दारू आणि आजारपण यांत काही खेळाडू दगावले. टॉम स्वतःही दारूत बुडाला आणि २ मे १८८० रोजी, भ्रमिष्टावस्थेत, त्याने आपले जीवन संपवले. शिवाय २०२१ साली शिकागोच्या एका वृत्तपत्रातला १८९५ चा मजकूर उजेडात आला. १८६१ च्या हत्यासत्रात आपलाही हात होता असे टॉमने सांगितल्याचे त्यात म्हटले आहे. तो कितपत विश्वासार्ह, यावर अभ्यासकांत वाद आहे.

समजा, ते खरे निघाले. मग १८६६ चा टॉम खोटा ठरतो काय? की त्या सामन्याने १८६१ चे रक्त धुऊन निघते? दोन्ही उत्तरे मला सोयीची वाटतात. खेळात दोन बाजूंचे गोल मोजून निकाल देता येतो. माणसाच्या आयुष्यात पुण्यातून पाप वजा करून बाकी काढता येत नाही. जे मारले गेले, त्यांची वेदना कोणत्याही सामन्याने फिटत नाही. आणि ज्यांना त्याने खेळाडू म्हणून वागवले, त्यांना मिळालेला मानही खोटा ठरत नाही.

दिवाळीत आपण घराघरांतून जुनी वैरे विसरण्याची भाषा करतो. विसरणे प्रत्येकाला साधेलच असे नाही. पण भावकीतल्या एकाचा राग त्याच्या लेकरांवर काढायचा नाही, एवढे पथ्य तर पाळता येईल! आस्तिकाने तरी यापेक्षा अधिक काय मागितले होते?