बिऱ्हाडाचा हिशेब आणि योगक्षेम

मुंबई-पुण्यातलं बिऱ्हाड मोडून जालन्याला परतायचं, असं एखाद्या घरानं ठरवलं की थोरामोठ्यांकडून एक वाक्य हमखास येतं: निघा तर खरे, पुढचं पांडुरंग पाहून घेईल. परतीचा विचार करावा अशी परिस्थितीही आता आली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जालना त्या वाटेवरचं शहर झालं. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, सुमारे सात तासांत मुंबई गाठता येऊ लागली. बियाणं आणि पोलाद हे इथले जुने धंदे आहेतच, रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाड्यातलं केंद्रही इथेच आहे, आणि घरभाडं मोठ्या शहराच्या मानानं कितीतरी कमी. अशा वेळी घरातलं कुणीतरी वही घेऊन बसतं: ट्रकचे किती, घराची अनामत किती, पगार घटेल तो किती, मुलांच्या शाळेचं काय. आणि कुणीतरी त्या वहीकडे नाराजीनं पाहतं. इतका हिशेब करायचा तर देवावरचा विश्वास कुठे राहिला, असा त्या नाराजीचा अर्थ असतो. हा प्रश्न हसून उडवण्याजोगा नाही. तो खरा धार्मिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही धर्माच्याच घरात शोधलं पाहिजे.

आक्षेप घेणाऱ्याची बाजू भक्कम आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभावानं भजणाऱ्यांचा योगक्षेम आपण वाहतो, असं भगवंतांनी म्हटलं आहे. नसलेलं मिळवून देणं आणि असलेलं राखणं, दोन्ही त्यानं अंगावर घेतलं. मग अंदाजपत्रक मांडणारा माणूस त्या शब्दावर अविश्वास दाखवत नाही का? जालना जिल्ह्यात तर या आक्षेपाला घरचंच उदाहरण आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेला सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण बाराव्या वर्षी, परंपरा सांगते त्याप्रमाणे बोहल्यावरून, निघाला आणि नाशिकजवळच्या टाकळीला पोचला. बारा वर्षं तिथे तप, मग बारा वर्षं देशभर भ्रमंती, मग कृष्णाकाठ, चाफळ आणि शेवटी सज्जनगड. जांबहून निघाला तेव्हा त्याच्या हाती कसली वही होती? पुढे समर्थ रामदास झालेल्या या नारायणाइतकं लांबचं स्थलांतर या जिल्ह्यातून क्वचितच कुणी केलं असेल, आणि ते पूर्णपणे रामाच्या भरवशावर झालं. तेव्हा हिशेब मांडणारे आपण लहान श्रद्धेची माणसं ठरतो, असं कुणी म्हटलं तर त्याला उत्तर द्यावंच लागेल.

उत्तर जांबच्या त्याच घरात आहे. नारायण निघून गेला तेव्हा त्या घराचा प्रपंच थांबला नाही. थोरले बंधू गंगाधरपंत मागे राहिले. आईला, राणूबाईंना, त्यांनी सांभाळलं, घरची रामसेवा चालवली. परंपरा असंही सांगते की मुलाच्या वाटेकडे डोळे लावून, रडून रडून आईची दृष्टी गेली. म्हणजे त्या प्रस्थानाला खर्च पडला नाही असं नाही, तो दुसऱ्यांच्या नावावर पडला. ज्याच्यामागे धाकटी मुलं नाहीत, कर्ज नाही आणि घर सांभाळायला समर्थ भाऊ आहे, अशा विरक्ताचं निघणं वेगळं. पत्नी, दोन शाळकरी मुलं आणि रक्तदाब असलेले वडील घेऊन निघणाऱ्यानं त्या निघण्याचा दाखला देणं ही भक्ती म्हणता येणार नाही. खुद्द रामदासांनीही तसा दाखला कुणाला देऊ दिला नाही. दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच ते आधी प्रपंच नेटका करायला सांगतात, आणि तो टाकून परमार्थाला लागणाऱ्याची उपासमार होईल, मग परमार्थही हातचा जाईल, असं कठोरपणे बजावतात. तिसऱ्या दशकात त्यांनी एका संसारी माणसाचं आयुष्य रंगवलं आहे. घरात लेकरं वाढतात, लक्ष्मी निघून जाते, देणं होतं, आणि तो परमुलखाची वाट धरतो. त्यातली दैना वाचताना अंगावर काटा येतो. घरादाराकडे पाठ फिरवलेल्या माणसाला संसारी माणसाच्या पोटाची इतकी बारीक माहिती असावी, हे मला त्या ग्रंथाचं फार मोठं वैशिष्ट्य वाटतं.

हिशेब आणि श्रद्धा यांचं वैर आपण गृहीत धरतो, पण धर्मपरंपरांचा अनुभव तसं सांगत नाही. जालन्यात जैन समाज मोठा आहे, गुरु गणेश तपोधामासारखं श्रद्धास्थान आहे. जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं पाचवं व्रत परिग्रह-परिमाणाचं. शेत, घर, सोनं, चांदी, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा श्रावकानं स्वतः ठरवायची आणि ती पाळायची. त्याच्या पुढचं दिग्व्रत तर कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचं, याचीही सीमा आखायला लावतं. मोजल्याशिवाय हे व्रत घेताच येत नाही. इस्लाममध्ये हज प्रत्येकावर फर्ज नाही. जाण्यायेण्याचा खर्च आणि परत येईपर्यंत मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची तरतूद ज्याच्याकडे आहे, त्याच्यावरच ते आहे, आणि देणेकऱ्यांचं देणं त्याआधी. देवाच्या घरी जायचं तरी आधी आपल्या घराचा हिशेब चुकता करायचा. आणि ज्या पांडुरंगावर सगळं सोपवायचं म्हणतात, त्याची वारी पाहा. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आजही दिंडीत चालणारा वारकरी भिशीचे पैसे आधी भरतो. तंबूचा ट्रक, पाण्याचा टँकर, स्वयंपाकाचं सामान, रोजचा मुक्काम, सारं आधी ठरतं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना आपल्याच जिल्ह्यातून जाते. तिची शिस्त ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वाटेवर नामस्मरणात मन राहावं, कुणी उपाशी राहू नये, म्हणूनच हे सगळं नियोजन असतं. ते देवावरच्या अविश्वासातून आलं आहे असं कुणी म्हणू धजणार नाही.

यावरून हिशेबाची कसोटीही हाती येते. श्रावकाचं परिमाण हाव आवरण्यासाठी, हाजीची तरतूद अवलंबून असलेल्यांसाठी, दिंडीची भिशी सगळ्यांच्या मुखी घास पडावा म्हणून. ज्या हिशेबात यातलं काही नाही आणि फक्त बचतीचा आकडा आहे, तो श्रद्धाळूच्या नाराजीला पात्र आहे. जालन्याला निघालेल्या घराची वही या कसोटीवर तपासली की काही रकमा नव्या दिसू लागतात. ट्रकचं भाडं सामानाच्या आकारमानावर आणि अंतरावर ठरतं, आणि मुंबईपासूनचं अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा माळ्यावर वर्षानुवर्षं न उघडलेली खोकी नेण्याला खरोखर किंमत पडते. कपाटातलं काय न्यायचं आणि काय देऊन टाकायचं, हे ठरवताना आसक्तीचा जो विचार होतो तो प्रवचन ऐकून होत नाही. भाडं वाचतं, पण मोठ्या आजाराला छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, ते साठ किलोमीटरवर. म्हणून आईवडिलांच्या औषधपाण्याची रक्कम वेगळी काढावी लागते, आणि ती वाचलेल्या भाड्यातून पहिली काढावी. शाळा बदलताना दाखला, मंडळ, माध्यम यांचा घोळ मुलांच्या वाट्याला येतो, तो पैशांत मांडता येत नाही, तरी वहीत त्याची ओळ हवी. लहान शहरात वास्तुशांत, बारसं, लग्न, तेरावं, सगळीकडे जावं लागतं आणि अहेर करावा लागतो. मोठ्या शहरात विसरलेलं हे देणं इथे पुन्हा सुरू होतं. मी त्याला नाहक खर्च म्हणणार नाही. संकटात धावून येणाऱ्या माणसांशी बांधलं जाण्याचं ते मोल आहे.

आणि पाणी. या विषयावर थोडं थांबलं पाहिजे. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आणि आता जायकवाडीहून येणारं गोदावरीचं पाणी यांवर हे शहर जगतं, आणि नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अशा गावात आपण येतो तेव्हा शेजाऱ्यांच्या वाट्यातून पाणी घेणारं आणखी एक घर येतं. वहीत टाकीचे आणि टँकरचे पैसे मांडून हा प्रश्न सुटत नाही, कारण टँकरचं पाणीही कुठल्यातरी विहिरीतूनच उपसलेलं असतं. मोठ्या शहरातल्या सवयी, रोजची गाडी धुणं, शुद्ध करताना बरंच पाणी वाया घालवणारं यंत्र, इथे आणायच्या का, आणि छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला किती खर्च करायचा, हे प्रश्न अपरिग्रहाचे आहेत. घर बांधताना देव्हाऱ्याच्या संगमरवरावर खर्च होतो आणि पुनर्भरणाचा खड्डा राहून जातो, अशा घरात धर्माचा क्रम उलटा लागला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, भविष्य कुणाला दिसलंय? नोकरी जाईल, आजार येईल, पाऊस दगा देईल, वही तशीच राहील. शिवाय आकडे मांडता मांडता माणूस काळजीनं पोखरला जातो, आणि काळजी हीच श्रद्धेची खरी शत्रू. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे, पण त्यातून निघतं ते वेगळंच. गीतेनं कर्म आणि फळ यांत रेघ ओढली आहे. हिशेब मांडणं कर्माच्या बाजूला येतं, तो खरा ठरणं फळाच्या बाजूला. सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवणं आपल्या हातात आहे, ते सहा महिने कसे जातील हे नाही. जो माणूस वही बंद केल्यावरही रात्रभर तीच चाळत बसतो त्याची चूक हिशेबाची नाही, फळाला चिकटण्याची आहे. उलट अनुभव असा की काळजी खरी वाढते ती न मांडलेल्या आकड्यांची. देणं किती हे माहीत नसलेलं घर, देणं मोठं पण ठाऊक असलेल्या घरापेक्षा जास्त धास्तावलेलं असतं. आणि योगक्षेमाचा शब्द अनन्यभावानं भजणाऱ्यांना दिलेला आहे. ज्यानं आपल्या वाट्याचं काम टाळलं त्याची ती सबब होऊ शकत नाही.

या जिल्ह्यात आणखी एक स्थलांतर दरवर्षी होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोड मजुरांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुतेक वेळा निघण्याआधीच संपलेली असते, जुन्या देण्यात, लग्नात, दवाखान्यात. मुलं म्हाताऱ्या आईबापांकडे ठेवायची की फडावर न्यायची, एवढाच निर्णय पुष्कळांच्या हाती उरतो. त्यांचं अंदाजपत्रक कर्जानं आधीच लिहून ठेवलेलं असतं. पांडुरंगावर त्यांची श्रद्धा कुणाहून कमी नाही. त्यांना हवी आहे ती पुढचा विचार करण्याची मोकळीक, आणि तीच त्यांना मिळत नाही. ज्याला ती मिळाली आहे, ज्याच्या हाती पगार आहे, महिनाभराचा अवधी आहे, कोरी वही आहे, त्यानं ती श्रद्धेच्या नावाखाली बाजूला सारावी, हे मला देवाच्या देण्याचा अनादर केल्यासारखं वाटतं.

तेव्हा जालन्याला निघणाऱ्यांनी वही जरूर मांडावी, आणि घरातल्या थोरांना शेजारी बसवून मांडावी. पहिल्या पानावर आईवडिलांचं औषधपाणी आणि मुलांची शाळा येऊ द्या, दुसऱ्यावर देणी, तिसऱ्यावर पाणी. ट्रक, रंगकाम आणि नवं फर्निचर त्यानंतर. आणि एक रक्कम अशा कुटुंबासाठी काढून ठेवा ज्याचं लेकरू यंदा फडावर न जाता गावातल्या शाळेत राहू शकेल.