घराचे अंदाजपत्रक आणि भावाभावांतील हिशेब

घर बांधावयाचे ठरले की कुटुंबात सर्वप्रथम एक वही येते. जोत्याला चिरे किती लागतील, वाळू किती ब्रास, सिमेंटच्या गोण्या किती, गवंड्याची मजुरी रोजावर की चौरस फुटावर, स्लॅबची सळई किती किलो, हे सारे तीत उतरते. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी वारसाच्या वादात जमातीच्या वडीलधाऱ्यांसमवेत बसण्याचा प्रसंग आला, तेव्हा अशीच एक वही समोर ठेवण्यात आली. मरहूम गृहस्थ मोठे काटेकोर होते. परत गेलेल्या तीन गोण्यांचीही तीत नोंद होती. मात्र घराला लागलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रकमेपुढे केवळ दोन शब्द होते : ‘कुवेतहून आले’.

ते कोणत्या नात्याने आले? देणगी म्हणून, कर्ज म्हणून, की घरातील भागीदारी म्हणून? सगळा वाद या न लिहिलेल्या शब्दावर उभा होता.

व्याजाच्या भयाने आपल्यातील पुष्कळ कुटुंबे बँकेच्या दारी जात नाहीत आणि भावाकडे, मेहुण्याकडे जातात. हे ईमानाचेच लक्षण आहे. परंतु बँकेने जे पानोपानी लिहून घेतले असते, ते येथे एका ओळीतही लिहिले जात नाही. ‘भाऊच तर आहे, त्यात काय लिहावयाचे?’ असे म्हटले जाते. व्याज टाळून आपण एका आज्ञेचे पालन करतो आणि त्याच व्यवहारात दुसरीकडे पाठ फिरवितो, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

ती दुसरी आज्ञा सूरह अल-बकरामधील आयत 282 मध्ये आहे. पवित्र कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत. आणि तिचा विषय नमाज किंवा रोजा नसून मुदतीच्या देण्याघेण्याचा लेख हा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तीत बजावले आहे. हातोहात होणाऱ्या व्यापाराला तेवढी सवलत दिली आहे. सख्ख्या नात्याला नाही. पुढच्याच आयतीत परस्परांवर विश्वास असल्यास अमानत परत करण्याचा उल्लेख आहे. त्यावरून बहुतेक फकीहांनी लेखन अनिवार्य नसून पसंत केलेले आहे असे मानले. मत आदरणीय आहे. परंतु आपण ‘अनिवार्य नाही’ एवढेच उचलतो आणि ‘पसंत केलेले’ सोडून देतो.

वर्गणीचे स्वरूप न ठरविल्याने काय होते, हे आकड्यांनीच पाहावे. समजा, घराला 30 लाख रुपये लागले. जागेची किंमत धरून वडिलांचे 8 लाख, परदेशी असलेल्या थोरल्या मुलाचे 18 लाख, धाकट्याचे 4 लाख. पुढे वडील वारले, तेव्हा घराची किंमत 60 लाख झाली होती. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. शरीअतप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा; उरलेल्यातून प्रत्येक मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे 40 भागांपैकी आईचे 5, मुलांचे 14-14, मुलीचे 7.

मुलांनी दिलेले पैसे वडिलांना देणगी असतील, तर सारे घर वडिलांचे. बहिणीच्या वाट्याला 10 लाख 50 हजार येतात. ते कर्ज असेल, तर सूरह अन-निसाच्या आदेशानुसार वाटणीपूर्वी देणे फेडावयाचे. 22 लाख वजा होऊन बहिणीला 6 लाख 65 हजार मिळतात. आणि कर्जात दिले तेवढेच परत, किंमत दुप्पट झाली म्हणून एक रुपयाही जास्त नाही. भागीदारी असेल, तर वडिलांचा हिस्सा 16 लाखांचाच ठरतो आणि बहिणीच्या हाती 2 लाख 80 हजार पडतात. तिन्ही हिशेबांत वारसाचा कायदा तोच आहे, घरही तेच आहे. थोरल्याचे मात्र 21 लाखांचे 41 लाख 60 हजार होऊ शकतात, आणि तो फरक ज्या शब्दावर अवलंबून आहे तो कोणी उच्चारलेलाच नसतो.

आईचा आठवा हिस्सा याच मापाने साडेसात लाखांवरून दोन लाखांवर येतो, हेही सांगावयास हवे. अशा वादांत तिला कोणी विचारीत नाही.

देताना देणगी म्हटली आणि घराचे मोल वाढल्यावर ‘ते तर भागीदारीचे होते’ असे सुचू लागले, तर ती गोष्ट साधी नव्हे. दिलेली देणगी माघारी घेण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अत्यंत कठोर शब्दांत निंदा केली आहे. परंतु ज्याने देणगी असे कधी म्हटलेच नाही, त्याला या हदीसने बांधता येईल काय? येथे बसणाऱ्या पंचांचेही मन चाचरते.

अंदाजपत्रकाची दुसरी फट स्त्रियांच्या दागिन्यांतून पडते. घराचा खर्च अंदाजापेक्षा वाढतोच, आणि तो बहुधा स्लॅबच्या वेळी वाढतो. सेंट्रिंग ठोकलेले असते, काम थांबविता येत नाही; तेव्हा सुनेच्या पाटल्या मोडल्या जातात. महर असो वा माहेरचे सोने, ते तिच्या मालकीचे आहे. तिने खुशीने दिले तरच ते घेणे वैध. सासरच्या ओसरीवर सर्वांसमक्ष मागितलेल्या पाटल्यांना खुशी म्हणावे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. वहीत ती रक्कम पतीच्या नावे पडते.

घरासाठी साठविलेल्या रकमेवर चांद्रवर्ष उलटले व ती निसाबइतकी असली, तर बहुसंख्य विद्वानांच्या मते तिची जकात द्यावी लागते. तोही आकडा अंदाजपत्रकात हवा. दर्शनी भागाच्या नक्षीबद्दल मी अधिक लिहीत नाही. माणसाला प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, मातीत घातलेल्याचे नव्हे, या आशयाचे ह. खब्बाब (रजि.) यांचे उद्गार सहीह बुखारीत आहेत, आणि ते त्यांनी स्वतःची भिंत बांधीत असताना काढले होते. विद्वानांनी त्याचा रोख गरजेबाहेरच्या बांधकामाकडे आहे असे सांगितले आहे. गरजेचे घर ही तर अल्लाहची देणगी; सूरह अन-नहलमध्ये ते विसाव्याचे स्थान म्हणून गणले आहे.

लेख करणे म्हणजे अविश्वास, ही समजूत मुळात चुकीच्या माणसाकडे पाहून झालेली आहे. भावाभावांत विश्वास असतो, हे खरेच. पण लेख कामी येतो तेव्हा त्यांपैकी एक हयात नसतो, आणि समोर असतात पुतणे, जावई, विधवा भावजय. ज्यांनी तो विश्वास अनुभवला नाही, त्यांना तो वारशाने कसा मिळणार?

त्या गावी अखेर थोरल्याला फोन लावला. पैसे कोणत्या नात्याने धाडले होते, असे विचारले. ‘घरासाठी,’ तो म्हणाला. कोणाच्या घरासाठी, असे विचारल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘खरे सांगतो, तेव्हा मी असे काही ठरविलेच नव्हते.’ त्याने दोन दिवसांची मुदत मागितली. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला : दरमहा धाडलेले पैसे वडिलांना दिलेले समजावेत, स्लॅबच्या वेळी ‘परत देतो’ असे सांगून बाबांनी मागितलेले तीन लाख तेवढे कर्ज धरावे, आणि धाकट्याच्या पत्नीला तिच्या पाटल्यांविषयी विचारावे. तिला विचारले. तिने वजन सांगितले, तोळे आणि मासे, एका दमात. ते सारे त्याच वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरविले, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.