नको असलेला सुगंध

आपल्या बहुतेक घरांतल्या कपाटात असा एक खण असतोच. उघडला की गुलाब, चंदन, व्हॅनिला, कसली कसली फळं, सगळं एकदम नाकात शिरतं. लग्नात आलेले गिफ्ट सेट, संक्रांतीच्या वाणातल्या डब्या, परदेशातून येणाऱ्या भाच्यानं विमानतळावर घाईघाईत घेतलेली बॉडी मिस्ट, दुकानात बरा वाटलेला आणि घरी आल्यावर डोकं उठवणारा एखादा परफ्यूम. वापरवत नाही आणि टाकवतही नाही. आपल्या पिढीच्या हाताला टाकायची सवयच नाही. जुन्या लुगड्याची वाकळ, वाकळ विरली की पायपुसणं, तेही विरलं की ओटा पुसायचं फडकं, इथवर आपण वस्तूचा पाठलाग करतो.

तेव्हा या बाटल्यांतून घराला सुगंध द्यावा, ही कल्पना बायकांना आवडते यात नवल नाही. आमच्या मंडळात वर्षभरात ऐकलेल्या युक्त्या सांगते. लोशन पाण्यात कालवून डिफ्यूजरमध्ये घालायचं. परफ्यूमचे चार थेंब पणतीच्या तेलात. बॉडी मिस्ट पडद्यांवर, पावडर गादीखाली. ऐकताना काटकसर वाटते, आणि काटकसरीला आपल्यात कुणी नावं ठेवत नाही. वस्तू वाया न घालवणं चांगलं, हे मलाही मान्य आहे. पण तिची किंमत कुणाच्या छातीतून वसूल करायची, हे विचारायला नको का?

आधी साध्या गोष्टी. अंगाला लावायला चालणारी वस्तू श्वासातून आत घ्यायलाही चालते असं नाही. लोशन म्हणजे पाणी, तेल, मेण आणि ते टिकवणारी रसायनं. हल्लीचा पाण्याचा डिफ्यूजर टाकीत जे असेल त्याचं बारीक धुकं करतो. लोशन घातलं तर तेच तेलकट धुकं फुप्फुसात जाणार, शिवाय यंत्र तुंबणार ते वेगळं. उघडलेली बाटली जुनी असेल तर तिच्यात बुरशी आणि जंतूही असतात. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात १२ एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. ते चित्र आपल्यापैकी किती जणी बघतात?

परफ्यूमचं तर बोलायलाच नको. त्यात बहुतांश अल्कोहोल असतं, बऱ्याच बाटल्यांत ७० ते ९० टक्के. पणतीत ते भपकन पेट घेतं. देवघरात निरांजन चालू असताना शेजारी फवारा मारला तरी तेच होऊ शकतं, आणि आपल्या अंगावर पदर असतो. डिओच्या डब्यात तर फवारा ढकलायला बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा वायू भरलेला असतो. तो गॅसजवळ ठेवू नये, खिळ्यानं भोकही पाडू नये.

'पण माझं नैसर्गिक आहे हो,' असं एक जण हमखास म्हणतेच. संत्र्या-लिंबाच्या सालीत लिमोनीन असतं, ते पूर्ण नैसर्गिक. तेच हवेतल्या ओझोनशी मिसळलं की त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं. टी ट्री तेल झाडाचंच, पण मांजरांना विषारी. कापूर देवाचा, पण लहान मुलानं खाल्ला तर झटके येतात. निसर्ग आपल्या सोयीसाठी बसलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो गळला तर कळावं म्हणून त्यात कुजकट वास मुद्दाम मिसळतात. म्हणजे एका दुर्गंधावर आपला जीव सोपवलेला आहे. आपण स्वयंपाकघर व्हॅनिलानं भरून टाकलं, तर त्या पहारेकऱ्याच्याच तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. आमच्या बेळगावच्या पावसात भिंतीला ओल येते, कपाटातले कपडे कुबट होतात. तो कुबट वास म्हणजे तक्रार आहे. तिच्यावर अत्तर शिंपडून भिंत कोरडी होत नाही.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण किती जपून विचारतो. कांदा-लसूण चालतो का, सूर्यास्तापूर्वी जेवणार का, आज उपवास आहे का. वासाचं कोणी विचारत नाही. माझ्या धाकट्या जावेला दमा आहे. कुठल्याही सजवलेल्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं की ती आधी खिडकी शोधते, आणि खिडकी बंद असली तर हसत हसत दाराजवळच्या खुर्चीत बसते. यजमानीणबाईला वाटतं, लाजते आहे. ताटात वाढलेलं नको म्हणता येतं, न आवडलेलं दृश्य असेल तर मान फिरवता येते. श्वासाला नको म्हणायची सोय नाही. आणि तान्ह्या बाळाला तर तेवढं दाराजवळ जाऊन बसणंही जमत नाही.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या: कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, वारा घालणं. लहानपणी मला वाटायचं, वारा घातल्यानं काय बिघडतं? आता वाटतं, वाऱ्यात काय मिसळलं ते विचारल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. दुसरा प्रकार पापोपदेश, म्हणजे ज्यातून अपाय होईल असा सल्ला. आपण एकमेकींना ज्या युक्त्या सांगतो त्या कुठल्या खात्यात जातात, हे प्रत्येकीनं आपल्याशी तपासावं. माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे की जे मी माझ्या नातवाच्या खोलीत करणार नाही, ते मंडळात सांगायचं नाही.

मग टाकून द्यावं का? इथे प्रश्न अवघड होतो. पूर्वी कस्तुरीसाठी मृग मारत. १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं, आणि आज बाटलीतली बहुतेक कस्तुरी कृत्रिम असते. मृग वाचला, चांगलंच झालं. पण यातल्या काही कृत्रिम कस्तुरी लवकर विरत नाहीत, नदीच्या पाण्यात आणि माशांच्या अंगात सापडतात. मोरीत ओतलेली बाटली संपत नाही, आपल्या नजरेआड होते इतकंच.

आणि देऊन टाकणं? याला आपण चटकन दान म्हणतो. आमच्याकडे कामाला येणारी बाई आणखी तीन घरी जाते. त्यातल्या एका घरून तिला अर्धी वापरलेली, तारीख उलटलेली क्रीमं आणि सेंटची बाटली मिळाली. ती मला म्हणाली, 'वैनी, वास लई येऊलालाय, पोरगं खोकूलालंय. पण त्यांनी प्रेमानं दिलंय, टाकायचं कसं?' म्हणजे जो संकोच त्या घरच्या कपाटात होता, तो तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत गेला, आणि तिथे खिडकीही एकच. तारीख शिल्लक असलेली, न उघडलेली वस्तू 'तुला हवी आहे का?' असं विचारून द्यावी, आणि नाही म्हणायला तिला खरी मोकळीक असावी. बाकीचं देणं म्हणजे आपला कचरा तिच्या हातानं टाकणं.

मी काय करते तेही सांगते, कारण मैत्रिणी विचारतात. साबणाची वडी सुती कापडात बांधून साड्यांच्या पेटीत. तान्हं बाळ असलेल्या घरात डांबराच्या गोळ्यांची मला भीतीच वाटते, त्यापेक्षा हे बरं. तारीख न उलटलेलं लोशन टाचांना, म्हणजे ज्या कामासाठी केलं त्याच कामाला. परफ्यूमचे दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर, चपलांच्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही असे, आणि तेही घरातल्या सगळ्यांना विचारून. उरलेलं मोरीत न ओतता झाकण घट्ट लावून घंटागाडीत वेगळं. एवढ्यानं खण रिकामा होत नाही, कारण भरणारे हात जास्त आहेत.

वडगाव-शहापूरच्या शेतातला बासमती पूर्वी दुपारी शिजायला लागला की गल्लीला कळायचं. तो वास कुणी विकत घेतलेला नसे आणि जेवण झालं की तो जात असे. येत्या संक्रांतीला वाण म्हणून तोच तांदूळ लहान पिशवीतून वाटावा, असं मी मंडळात सुचवलं आहे. खजिनदारबाईंचं म्हणणं, घाऊक आणलेल्या सेंटच्या बाटल्या निम्म्या किमतीत पडतात, आणि खरा बासमती आता मिळतो तरी कुठे? त्यांचंही खोटं नाही. पुढच्या बैठकीत बघू.