श्रवण आणि संमती

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीत, ‘गुरुचरित्रा’चे पारायण कानी पडते तेव्हा एक प्रश्न उपस्थित होतो : २०१७ साली ‘स्टोरीटेल’ भारतात आल्यानंतर मराठीत रुळत गेलेली वैचारिक ध्वनिपुस्तके ऐकणे हे याच अर्थाने ‘श्रवण’ ठरते काय? वाचनाच्या तुलनेत ऐकणे उथळ, हा आक्षेप आपल्या परंपरेत टिकत नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमात श्रवणच प्रथम येते. अडचण वेगळी आहे. सरस्वती गंगाधरांची संहिता सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून उभी राहते. नामधारक विचारतो म्हणून कथन पुढे सरकते. ध्वनिपुस्तकात ही जागा बहुधा रिकामी असते. निवेदकाच्या आवाजातील निश्चय हाच पुरावा वाटू लागतो आणि पटणे व भावणे यांतील भेद पुसट होतो. कथेत हे क्षम्य आहे. ‘कसे जगावे’ हे सांगणाऱ्या ग्रंथात नाही, कारण तेथे दिलेली संमती आचरणात उतरते. अर्थात, पारायणातील नामधारकाचे प्रश्नही पूर्वनिश्चितच असतात. म्हणजे उणीव केवळ यंत्राची नव्हे. आवाज थांबवून स्वतःची शंका मांडणे हे दोन्हीकडे श्रोत्याचेच कर्तव्य उरते. मननाचा आरंभ तेथे होतो.